तक्रार निवारण अधिकारी शालिकभाऊ

शालिकभाऊंकडे तक्रार घेऊन गेलात, तर ते आधी आत जातात आणि शर्ट बदलून येतात. चौकड्यांचा शर्ट संपादकाचा, पांढरा अधिकाऱ्याचा. पांढऱ्या शर्टात ते कुणालाच ओळखत नाहीत. "बसा. नाव सांगा," म्हणतात. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून आहे, तरी मलाही नाव सांगावं लागलं.

याला कारण मीच. गावात काही विपरीत घडलं की मला त्यात माझाच हात दिसतो. या वेळी तो खरंच होता. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर शालिकभाऊंनी सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावासाठी फोनवर ‘बोडी टीव्ही’ नावाचं चॅनल काढलं. बोडी म्हणजे आमच्याकडे शेतातलं लहान तळं. धानाची रोवणी, हरवलेली शेळी, वाघाचे ठसे अशा बातम्या. मी शिक्षक आणि भित्रा. म्हणालो, "भाऊ, इंटरनेटवर बातम्या द्यायला केंद्र सरकारचे नियम आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच चोवीस तासांत, निकाल पंधरा दिवसांत." वाटलं, घाबरून थांबतील.

"अधिकारी भारतातच राहनारा पाह्यजे म्हनते ना?" ते म्हणाले. "मी तं वर्ध्याच्या पुढं गेलो नाई. मीच होतो अधिकारी."

दुसऱ्या दिवशी दाराशी अधिकाऱ्याची पाटी लागली. सिनेमाला असतात तशी प्रमाणपत्रंही त्यांनी बातम्यांना लावली. तसा नियम बातम्यांना नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. गाईंच्या कृत्रिम रेतन शिबिराच्या बातमीवर ‘केवळ प्रौढांसाठी’ असं झळकलं. ती बातमी लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिली.

तक्रार मात्र एकही येईना. शालिकभाऊ चहाच्या टपरीवर जाऊन लोकांना विनवू लागले. "काही चुकलं असन तं बिनधास्त सांगा. संपादक आडमुठा हाये, पन मी त्याले सोडनार नाई."

"भाऊ, तुमच्या बातमीत चूकच नाई भेटत," टपरीवाला म्हणाला. दुसरा कोणी असता तर फुशारला असता. शालिकभाऊ अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

मला राहवलं नाही. मी जाऊन तक्रार केली, की बातम्यांचा आवाज कमी येतो. खरं तर मी बातमी लावून फोन पालथा ठेवतो. पाहणाऱ्यांचा आकडा वाढावा एवढाच हेतू. निकाल रीतसर पंधरा दिवसांनी आला: ‘तक्रारदाराने आपल्या फोनचा आवाज वाढवावा.’

मग चुका सुरू झाल्या. शेळीच्या कानाचा रंग दोनदा तपासणारा हा माणूस एक दिवस बातमी देतो, की वादळात मारोती यांचा आंबा पडला. आंबा जागच्या जागी उभा. पुढच्या आठवड्यात मारोती यांचा बैल हरवला. बैल गोठ्यात रवंथ करत होता. साऱ्या चुका मारोतीदादांच्याच वाट्याला.

मारोतीदादा म्हणजे शालिकभाऊंचे थोरले भाऊ, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारे. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा; तिच्या नाटकात ते दरवर्षी राजा होतात. बोडी टीव्हीच्या पहिल्याच बातमीत शालिकभाऊंनी त्यांच्याबद्दल सांगितलं होतं, ‘राजाचं काम ठीक.’ तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"भाऊ, अशानं दादा पोलिसात जातील," मी म्हणालो.

"पोलिसात काऊन? अधिकारी इथी बसला हाये ना."

तेव्हा मी पाटीकडे नीट पाहिलं. ती रस्त्याच्या बाजूला नव्हती. मारोतीदादांच्या घराकडे तोंड करून लावली होती. शेजारी राहून इतके दिवस हे दिसलं नाही, याची खंत मला अजून आहे.

शेवटी बातमी आली: ‘मारोती यांचा नाटकाला रामराम.’ मी त्याबद्दलच बोलायला शालिकभाऊंकडे बसलो होतो, तेवढ्यात मारोतीदादा काठी घेऊन दारात आले.

"शालक्या, भायेर ये."

शालिकभाऊ आत गेले, पांढरा शर्ट घालून आले. गुंड्या खालीवर लागल्या होत्या.

"संपादक घरी नाई. बसा. नाव सांगा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"मारोती."

"संपादकाचे कोन लागता?"

मग दादांनी काठी भिंतीला टेकवली. "लहाना भाऊ हाये थो माहा."

"तक्रार?"

"मी कुठी नाटक सोडलं? औंदाही राजाच करून राह्यलो. अन् थे ‘ठीक’ काऊन म्हनला त्यानं?"

"हे लंबं प्रकरन हाये," शालिकभाऊ म्हणाले. "रोज सुनावनी घ्या लागन. रोज या लागन तुमाले. मंजूर नसन तं दिल्लीले जा."

"दिल्लीले कोन जाते." दादा माझ्याकडे वळले. "असा नियम हाये का, सर?"

दोघंही माझ्याकडे पाहत होते. त्या नियमांची ओळ न् ओळ मी वाचली आहे.

"आहे," मी म्हणालो.

त्या एका खोट्याचा पश्चात्ताप मला अजून जमलेला नाही. निकालाची मुदत केव्हाच उलटून गेली. काल सकाळी भिंतीपलीकडून मारोतीदादांचा आवाज आला. चहात साखर कमी पडली होती.

"बसा," शालिकभाऊ म्हणाले. "नाव सांगा."