प्रभाकररावांचा बँकॉकमधला खुबा

परदेशात माणूस आजारी पडत नाही, असा समुद्रपूर तालुक्यात सर्वसाधारण समज आहे. पासपोर्ट नसलेल्यांच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा ठरला आहे.

समुद्रपूरचे हार्डवेअरचे व्यापारी प्रभाकरराव यांनी मात्र बासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला आणि पत्नी प्रमिलाबाईंसह थायलंडला जायचं ठरवलं. माणूस अत्यंत सावध. दुकानाचा विमा होता, गोदामाचा होता, म्हशीचाही होता (म्हैस कधी तालुक्याबाहेर गेली नव्हती). सून गुंजन म्हणाली, "बाबा, प्रवासाचाबी विमा काढून घेऊ. दोघाईचे मिळून अठराशे रुपये लागते."

"काऊन? मी तिकडे फिराले चाल्लो, का बिमार पडाले?"

वाचलेल्या अठराशेत त्यांनी गुळगुळीत तळव्यांचे नवे बूट घेतले. तिसऱ्या दिवशी, बँकॉकच्या हॉटेलात नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, बुटांनी आपलं काम चोख बजावलं. खुबा मोडला.

दवाखाना अप्रतिम होता. नर्स हात जोडून नमस्कार करायची. तसेच हात जोडून तिने ऑपरेशनआधी भरायची रक्कम सांगितली: आपल्या पैशांत नऊ लाख (खोलीतली फुलदाणी धरून). प्रभाकरराव सवयीने म्हणाले, "थोडा कम करो ना." दुखणं वाढलं असं समजून नर्सने त्यांना गोळी दिली. हेच ऑपरेशन जवळच्या सेवाग्रामच्या दवाखान्यात कितीत झालं असतं, हा विषय आता घरात वर्ज्य आहे.

प्रमिलाबाई दोन दिवस खाटेशी बसून होत्या. त्यांना तिथली भाषा कळेना, की लिफ्ट. फोनवर गुंजनला एवढंच म्हणाल्या, "पोरी, हे कण्हतबी नाईत. नुसते छताकडे पाहून राह्यले. मले भेव लागून राह्यलं."

गुंजनने आपल्या नावावरचा हिंगणघाट रोडवरचा प्लॉट मिळेल त्या भावात विकला आणि पैसे पाठवले. "मी म्हटलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. प्रभाकररावांना खुब्यापेक्षा ते जास्त दुखलं.

ते घरी आल्यावर एकशे बारा माणसं भेटून गेली. वॉकरला धरून उभं राहत प्रभाकरराव प्रत्येकाला सांगत, "हात जोडतो, जाशीन तं विमा काढूनच जाजो." सगळ्यांना अगदी मनापासून पटलं. त्यांपैकी अकराजण त्याच वर्षी परदेशी जाऊन आले. विमा काढलेले: शून्य. कारण विचारलं, तर अकराही जणांचं उत्तर एकच होतं, "प्रभाकररावचं नशीबच खराब होतं."

वाचकहो, तुमची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. तुम्ही पाहून चालता.