मेतवल्ली खानदानाच्या पापण्या

अपघात विभागात माझ्याइतका तयारीचा डॉक्टर इजिप्तमधल्या आमच्या अख्ख्या दमनहूर शहरात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं. सगळे नाव घेतात ते तलअतचं!

तलअत आणि मी एकदमच नोकरीला लागलो. गेल्या वसंताच्या सणाला त्यानं एका दुकानदाराच्या पडलेल्या पापण्या पाहून फसीखचं विष ओळखलं आणि माणूस वाचवला. फसीख म्हणजे आमचा खारवून मुरवलेला मासा. तो खाल्ल्याशिवाय सण होत नाही. आणि मुरवताना काही चुकलं तर आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडतो. तेव्हापासून तलअतचा फोटो संचालकांच्या खोलीत लागलाय. सिस्टर इनशिराह त्याला पुदिना घातलेला ताजा चहा देते आणि मला किटलीच्या तळाचा. मी जळत होतो, लपवून काय उपयोग! त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झालेली, आणि सण आटोपला की संचालक डॉ. बहगत नाव जाहीर करणार होते. मला त्याआधी एक विषबाधा हवी होती. फार मोठी नको, फक्त तलअतच्यापेक्षा मोठी.

यंदा सणाच्या सकाळची पाळी मी मागून घेतली. सारं गाव मासे आणि कांद्याच्या जुड्या घेऊन कालव्याकाठी गेलं होतं. मी दाराकडे डोळे लावून बसलो, आणि दार उघडलं. हाज्ज मेतवल्ली, त्यांचे दोन भाऊ आणि मुलगा असे एकमेकांना धरून आत आले. चौघांच्याही पापण्या अर्ध्यावर आलेल्या!

फसीख खाल्ला का, असं विचारलं तर चौघांनी माना डोलावल्या. गिळायला त्रास होतो का, यावर हाज्जनी गळ्याकडे बोट नेलं आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगू लागले.

"बोलू नका हाज्ज, ताकद राखून ठेवा," असं म्हणून मी त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला.

भाऊ म्हणाले की आम्ही नुसते सोबतीला आलोय. आमच्याकडे पेशंटबरोबर अर्धी गल्ली येते हे मला काय ठाऊक नाही? पण अर्ध्या गल्लीच्या पापण्या कशा पडतील! मी त्यांनाही खाटांवर आडवं केलं, सलाइन लावलं, विषावरचा उतारा पाठवा म्हणून अलेक्झांड्रियाला फोन केला, आणि संचालकांनाही मुद्दाम कळवलं. तेवढ्यात बातमी ऐकून मेतवल्लींच्या बहिणी आल्या, पुतणे आले, एक थोरले काका आले. ज्याच्या तोंडाकडे बघावं त्याच्या पापण्या खाली! खाटा संपल्या, तेव्हा मी एकेकीवर दोघांना झोपवलं. देवा, क्षमा कर, पण मला आनंद झाला. तलअतनं एक दुकानदार वाचवला होता, मी अख्खं खानदान वाचवणार होतो!

संचालक कालव्यावरचं जेवण अर्धवट टाकून धावत आले. त्यांच्या अंगाला कांद्याचा वास येत होता. पाठोपाठ भोंगा वाजवत उतारा आला. मी सुई भरली आणि सगळे बघताहेत ना, याची खात्री करून घेतली. नेमका त्याच वेळी तलअत आला. त्याची पाळी दुपारची, पण हा माणूस नेहमी लवकर येतो.

त्याच्या मागून मेतवल्लींची सून आली, कडेवर तान्हं बाळ घेऊन. तलअतनं बाळ हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, खाटांवरच्या मंडळींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"शौकी, या बाळानं किती फसीख खाल्ला रे?"

बाळ अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं.

"अहो डॉक्टर, त्याला अजून दात कुठे आलेत?" सून म्हणाली. "हे डोळे सासऱ्यांकडचे. सगळं घरच तसलं. आमच्या लग्नात फोटोवाला 'डोळे उघडा, डोळे उघडा' म्हणून दमला बिचारा. फसीख तर सगळ्यांत जास्त मीच हाणलाय." तिचे डोळे मात्र चांगले टपोरे होते.

तलअतनं हाज्जचा मुखवटा काढला, घशात बॅटरी मारली आणि चिमट्यानं माशाचा बोटभर काटा बाहेर काढला.

"मी मघापासून काटा, काटा म्हणतोय," हाज्ज कडाडले, "आणि हे गृहस्थ म्हणतात ताकद राखा!"

खाटांवरचं सगळं खानदान सलाइनसकट हसायला लागलं. सिस्टर इनशिराह भिंतीकडे तोंड करून हसत होती. संचालक हसत नव्हते. ते माझ्याकडे वळले, तेवढ्यात तलअत मध्ये पडला.

"सर, त्याला बोलू नका. खरंच विष असतं तर याच्यामुळेच सगळे वाचले असते."

हे मला सगळ्यांत जास्त झोंबलं. त्यानं चारचौघांत माझी चेष्टा केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. आता त्याच्या चांगुलपणावरही जळणं आलं!

दुसऱ्या दिवशी तो विभागप्रमुख झाला. मला खोलीत बोलावून, स्वतःच्या हातानं पुदिन्याचा चहा ओतून, मोठ्या मायेनं म्हणाला, "शौकी, माणसाकडे तुझ्याइतकं बारकाईनं कोणी बघत नाही. तू दाराशीच हवास."

तेव्हापासून मी दाराशी असतो. गल्लीच्या गल्ल्या येतात. मी सगळ्यांना थांबवतो आणि वरिष्ठ डॉक्टरच्या रुबाबात एकच प्रश्न विचारतो, "तुमच्यापैकी आजारी कोण?"