डब्यातून गेलेला पासवर्ड

रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप संपवता संपवता आशयने जाहीर केलं, "कुणीतरी आपलं नेट चोरतंय."

कोथिंबीर निवडणाऱ्या स्वरूपाचा हात काडी धरून तसाच थांबला.

बाहेर गुडगावचं जानेवारीतलं धुकं होतं. समोरचे अर्धवट टॉवर, खालचा रस्ता, मागची मोहरीची शेतं, सगळं त्यात विरघळून गेलेलं. उरले होते फक्त दोन क्रेनचे हात, कुणीतरी आभाळात विसरून गेल्यासारखे. अशा सकाळी स्वरूपाला वाटायचं, आपलं हे सहाव्या मजल्यावरचं घर कुठल्याच जमिनीला बांधलेलं नाही. जरा जोरात दार लावलं तर हळूच तरंगत निघेल, थेट पुण्यापर्यंत.

"कशावरून?" तिने विचारलं.

"कशावरून काय? काल अख्खा दिवस लिनक्सची सीडी उतरवत होतो. इतकं स्लो? कुणीतरी मध्ये स्ट्रॉ घालून बसलंय."

(लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी बसवायची फुकटची सिस्टिम, कशासाठी? तर चोर पकडायला. आणि चोर आहे हे कशावरून? तर लिनक्स उतरायला वेळ लागला त्यावरून. नवऱ्याच्या अशा गोल तर्कांमध्ये पाय न अडकवता चालायला स्वरूपा लग्नानंतर लवकरच शिकली होती.)

पण आज तिचा पाय अडकला. कारण चोर कोण हे तिला ठाऊक होतं. चोराला किल्ली तिनेच दिली होती.

त्याचं असं झालं होतं. ते राहायला आले तेव्हा ही इमारत नवीकोरी आणि मुकी होती. चकचकीत दारं, पितळी पाट्या, आणि लिफ्टमध्ये सगळे आकडे बघत उभे. आशय कंपनीच्या बसने मानेसरला जायचा, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात. मग दिवसभर स्वरूपा आणि फ्रिजची घरघर. अशात एके दुपारी सातव्या मजल्यावरच्या कौशल्या आंटींनी राजम्याचा डबा आणून दिला. "नई बहू हो ना? खा लो बेटा. दुबली लगती हो."

राजमा दोन घासांत संपला. प्रश्न डब्याचा होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, ही स्वरूपाच्या आईची सक्त शिकवण. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामा देऊ नकोस! त्या दिवशी घरात केलेला शिरा करपला होता, आणि साखर त्याच शिऱ्यात संपली होती. धुतलेला, पुसलेला, रिकामा डबा घेऊन ती आंटींच्या दारात उभी राहिली, आणि आंटी सहज म्हणाल्या, "पोता कनाडा में है. कंप्यूटर है, नेट नहीं. देखने के लिए साइबर कैफे जाती हूँ. वहाँ के लड़के हँसते हैं."

स्वरूपाने सुटकेचा श्वास टाकला आणि डब्यात आपल्या वायफायचा पासवर्ड घातला. म्हणजे तोंडीच सांगितला. पण तिच्या मनात तो डब्यातच घातला. नेटचं नाव आशयने लग्नाच्या उत्साहात 'आशय वेड्स स्वरूपा' असं ठेवलेलं. पासवर्डला तेरा इंग्रजी अक्षरं लागतात म्हणून 'पुरणपोली' आणि पुढे एक-दोन-तीन-चार. आंटींनी तो मंत्रासारखा पुटपुटत पाठ केला.

तेव्हापासून रोज दुपारी कुणीतरी तिला "खाना खाया?" असं विचारू लागलं. साऱ्या इमारतीत हे विचारणारं एकच माणूस होतं, आणि आज नवरा त्याला पकडायला निघाला होता.

आणि आशय चोरीच्या बाबतीत फार कडक. एकदा छत्री चोरीला गेली म्हणून त्याने कंपनीची बस थांबवून सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या. (छत्री घरी, दाराच्या मागे होती. बसमधले लोक अजून त्याच्या शेजारी बसत नाहीत.)

"जाऊ दे ना," स्वरूपा म्हणाली. "कुणी गरजू असेल."

"गरजू? आज नेट, उद्या फ्रिज उघडून बसतील!"

त्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. हा घरचा लॅपटॉप जुना होता. त्याची बॅटरी केव्हाच वारली होती, वायर काढली की तोही जायचा. त्यावर लिनक्स बसलं, आणि लिनक्सवर हवेतल्या सगळ्या नेटवर्कांवर नजर ठेवणारं ते टूल. (नाव किस्मेट. खरंच.) मग त्याची कॉन्फिगरेशनची फाइल उघडली. तिच्यात एक ओळ भरायची असते: वायरलेस कार्डाचं कूळ, त्याचं नाव, आणि आपण ठेवलेलं लाडाचं नाव. एखाद्या स्थळाची माहिती लिहावी तसं. आशयने ओळ भरली. टूल एक लाल वाक्य टाकून मेलं. पुन्हा भरली. पुन्हा मेलं.

शेवटी दिल्लीला मुनिरक्यात खोली घेऊन शिकणाऱ्या आतेभावाला, सिद्धांतला, फोन लागला. स्पीकरवर.

"दादा, कार्ड मॉनिटर मोडवर टाकलंस?"

"टाकलं. तेव्हापासून मॅन्युअलचं पान उघडत नाहीये."

"कसं उघडेल यार? कार्ड पहाऱ्यावर बसलं की तुझं नेट बंद. ते मग कुणाशी बोलत नाही, नुसतं ऐकतं."

"मग मी मॅन्युअल वाचू कसं?"

"पहारा उठव, वाच, पाठ कर, परत बसव. सिंपल. वहिनी आहेत का? त्यांना पाठ करायला सांग, तुझं काही खरं नाही."

कुणाशी बोलत नाही, नुसतं ऐकतं. स्वरूपाला ते कार्ड एकदम जवळचं वाटलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि स्क्रीनवरची ओळ बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं, "हे मॅन्युअलच्या उदाहरणातलं नाव आहे ना? आपल्या कार्डाचं नाव वर वेगळंच दिसतंय."

"तेच करतोय मी," असं म्हणून आशयने ते केलं, आणि टूल चालू झालं. स्वरूपाने जीभ चावली. पण उशीर झाला होता.

काळ्या पडद्यावर एकेक नाव उमटू लागलं. आशयने फाइलमध्ये बोलण्याचाही पर्याय चालू केला होता, त्यामुळे लॅपटॉप घोगऱ्या, इंग्रजाळलेल्या आवाजात प्रत्येक नाव पुकारत होता, एखाद्या दरबारातल्या भालदारासारखा. गुड्डू के पापा. जय माता दी सात सौ दो. डोन्ट टच. बॅचलर पॅड. डिफॉल्ट.

स्वरूपा बघतच राहिली. इतके महिने ज्या दारांसमोरून ती मान खाली घालून गेली, ती सगळी घरं इथे हवेत, तिच्या जेवणाच्या टेबलावरून, भिंतींमधून आरपार तरंगत होती. फोडणीचा वास यावा तशी. 'डोन्ट टच'वाला नक्की लिफ्टमधला तो टाय लावणारा असणार. 'डिफॉल्ट'च्या घरी कुणी एकटं राहत असेल, नाव ठेवायलाही दुसरं माणूस नसेल. त्याला कुणी डबा देत असेल का? तिला वाटलं, बाहेरचं हे धुकं म्हणजे धुकं नाहीच, ही सगळ्यांची बोलणीच साचून पांढरी झाली आहेत.

"आशय वेड्स स्वरूपा," लॅपटॉप म्हणाला.

"सापडलं!" आशय ओरडला. "हे बघ. आपला लॅपटॉप पहाऱ्यावर, ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसात. म्हणजे या क्षणी आपल्या नेटवर कुणीच नको. हो ना? आणि हा बघ, एक जण बसलाय! नुसता बसला नाही, ओढतोय!"

स्वरूपाने घड्याळ पाहिलं. या वेळी कॅनडात रात्र. नातवाला झोपवायची वेळ. आंटी गाणं म्हणत असणार.

"आता?"

"आता सिग्नल. जिकडे सिग्नल वाढेल तिकडे चोर. चल, एक्स्टेन्शन घे."

घरातल्या तीन एक्स्टेन्शन बोर्डांची एक लांबलचक वायर तयार झाली. लग्नात मिळालेल्या चौरंगावर लॅपटॉप, चौरंग आशयच्या दोन्ही हातांवर, आणि मागे वायर सोडत स्वरूपा. सप्तपदीतही ते इतके जपून चालले नव्हते. मिरवणूक जिन्यात आली. पुढे दिवा लागलेला चौरंग, मागे नवी सून. खालून चढणारा गार्ड भिंतीला चिकटून उभा राहिला.

"साहब, पूजा है?"

"आशय वेड्स स्वरूपा," लॅपटॉप म्हणाला.

"अच्छा अच्छा," गार्डने हात जोडले. "मुबारक हो."

खालच्या दिशेने दोन पायऱ्या, सिग्नल घटला. वरच्या दिशेने दोन, वाढला. आशयचे डोळे चमकले. स्वरूपाने आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता काहीतरी केलं. तिने वायरला हलकाच झटका दिला. खाली कुठेतरी प्लग निघाला आणि लॅपटॉप डोळे मिटून गप्प झाला.

"अगं!"

"पाय अडकला."

पण आशय आज थांबणारा नव्हता. प्लग लावून, पुन्हा सुरू करून, (कार्डाची ओळ या वेळी त्याने एका दमात भरली, तिलाही जरा कौतुक वाटलं), मिरवणूक पुन्हा निघाली. सातव्या मजल्यावर सिग्नल असा वाढला की आकडे मावेनात. कौशल्या आंटींच्या पाटीसमोर आशय थांबला.

"या? या आजीबाई?"

"आशय, ऐक ना. मीच..."

दार उघडलं. पदराला हात पुसत आंटी उभ्या होत्या. त्यांनी चौरंगाकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं.

"अरे, तुम दोनों! ये क्या उठा लाए? आओ, अंदर आओ."

"आंटी," आशयने आवाज कडक केला. "बुरा मत मानना. पर आप हमारा नेट यूज कर रही हैं."

"आशय वेड्स स्वरूपा," लॅपटॉपने साक्ष दिली.

आंटी क्षणभर गोंधळल्या. मग हसू लागल्या, इतक्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"तुम्हारा? बेटा, तुम्हारा तो दिवाली से बंद पड़ा है! लड़का आया था मेरा, उसने देखा. बोला, मम्मी, नीचेवालों का तो आ ही नहीं रहा. तो उसने मुझे अपना लगवा दिया. मैंने कहा, नाम वही रख, पासवर्ड वही रख, बहू ने इतने प्यार से दिया था. मुझे दूसरा याद भी कहाँ रहता है."

धुकं खिडकीतून आत डोकावून गेलं.

"यानी..." आशय म्हणाला.

"यानी मेरा नेट कोई खा रहा था. मुझे पता था, तुम ही लोग होगे. बच्चे हैं, खाने दो." मग त्यांना आठवलं. "बस कल दिनभर पोता हिला ही नहीं. मुँह खोले बैठा रहा, जैसे फोटो हो. कल क्या कर रहे थे तुम लोग?"

आशय चौरंगाकडे बघत राहिला. स्वरूपाला हसू आलं, आणि त्याहून जास्त काहीतरी भरून आलं. तिने दिलेला डबा रिकामा परत आला नव्हता. आंटींनी त्यात अख्खं नेट भरून पाठवलं होतं, आणि नाव-पासवर्ड तेच असल्याने लॅपटॉपला फरकही न कळता इतके दिवस ते घरात हवेतून येत होतं, एक अक्षर न बोलता.

घरी येऊन राउटर पाहिला. तो फ्रिजच्या वर होता, धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी पाठवलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. रुमाल उचलला तर एकही दिवा नाही. प्लग लोंबत होता. पुण्याला दिवाळसणाला निघताना, "इथल्या व्होल्टेजचा भरवसा नाही" म्हणत घरातला प्रत्येक प्लग काढत कोण फिरलं होतं, हे दोघांनाही आठवलं. बोललं कुणीच नाही. लग्न टिकतं ते अशाने.

आशयने प्लग लावला.

"दादा," फोनवरून सिद्धांतने विचारलं, "मग चोर सापडला?"

"ठेव फोन."

जाताना आंटींनी एक विचारलं होतं. "बेटा, ये पूरनपोली होती क्या है? रोज टाइप करती हूँ." आता यावर एकच उत्तर होतं. पुढच्या रविवारी स्वरूपाने पुरण शिजवलं, आईला फोन लावून लावून. मिक्सरसाठी प्लग रिकामा हवा होता, तेवढा एक काढला. पोळ्या जराशा फाटल्या, एकीचा तर नकाशा झाला, पण डबा भरला.

आंटींनी एक पोळी उभ्या उभ्या खाल्ली, डोळे मिटून. डबा त्याच दुपारी परत आला, गाजराच्या हलव्याने भरून. देताना त्यांनी स्वरूपाला जवळ ओढून कानात सांगितलं, "लड़के ने पासवर्ड बदलवा दिया. बोला, पुराना सबको पता चल गया. अब गाजरहलवा है, आगे एक-दो-तीन. पूरे तेरह. तुम लगा लेना. पर आशय को मत बताना हाँ, फिर वो चौकी पर लैपटॉप लेकर आ जाएगा."

स्वरूपाने लगेच लॅपटॉप उघडून नवा पासवर्ड भरला. आता तिला ते सगळं सहज जमत होतं.

संध्याकाळी आशय हलव्याची वाटी घेऊन लॅपटॉपपुढे बसला. एक पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं तर क्लिक करायच्या आधीच उघडल्यासारखं वाटलं. तो खुर्चीत मागे रेलला. खिडकीबाहेर क्रेनचे हात पुन्हा धुक्यात बुडत होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "मी सगळं नीट कॉन्फिगर केल्यापासून कसं पळतंय आपलं नेट!"

"हो ना," स्वरूपा म्हणाली, आणि फ्रिजवरचा क्रोशाचा रुमाल तिने सारखा केला. त्याखाली राउटर अंधारात झोपला होता, आणि मिक्सरसाठी काढलेला त्याचा प्लग ओट्यावर लोंबत होता.