गोंदजी तांबटाच्या यंत्रें स्वामींचा शब्द गडावर पोंचला, तें वर्तमान

श्रीगजवदन प्रसन्न असोत, ऐकणारांचे कान शाबूत असोत. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरीं, चैत्र वद्य पंचमीस एके राज्यीं ऐसें घडलें कीं, तह होऊन गडाचा वेढा उठला, गडाचे धनी स्वामी दाराशीं आले, परंतु किल्लेदार बापूजी दरवाजा उघडीनात. "वेश तोतयाही घेतो. धन्याचा आवाज ऐकीन तेव्हांच अडसर काढीन," म्हणोन त्यांनीं तोफ रोखिली. आणि स्वामींचा कंठ तर हिंवाळ्याच्या दुखण्यांत बसला, कुजबुजीपलीकडे शब्द निघेना. गडावर दाणा सरला होता आणि गोंदजी तांबटाचा एकुलता लेक आंत होता. मग गोंदजीनें अंगावर टांचावयाचा इवला मायक्रोफोन घडविला आणि तार जोडून खंदकाकांठीं भोंगा उभा केला, आणि हें यंत्र काय ऐकतें, काय ऐकत नाहीं, याचें त्यास ऐसें वेड लागलें कीं घटकाभर लेकाची काळजी विसरे आणि मग स्वतःसच शिव्या देई.

यंत्र हुजूर नेलें. कारभारी म्हणाले, "तांबटाची वस्तु स्वामींच्या छातीस? मान मस्तकाचा!" म्हणोन तें शिरपेंचांत खोंविलें, आणि भोंग्यांतून वारा तेवढा घोंगावला. मग गोंदजी पायां पडला, "सरकार, यंत्राला मान कळत नाहीं, त्याला तोंड जवळ पाहिजे." मग यंत्रास मेंढीच्या लोकरीची टोपी घालून छातीस टांचिलें, तों कंठ्याचीं मोत्यें खडखडलीं आणि बुरुजावरून हांक आली, "मोती वळखले, धनी कुठं हायती?" सुतकाविना कंठा उतरूं नये ही दरबारची चाल. स्वामींनीं तो उतरोन कारभाऱ्यांच्या हातीं दिला.

मग शब्द ऐसा स्वच्छ उमटला कीं श्वासही निराळा ऐकूं येई. "बापूजी, दरवाजा उघडा." बापूजी खवळले, "आमचा धनी गर्जतो! हा कोण पुटपुट्या? बत्ती द्या रे!" यंत्रानें आपलें काम चोख केलें आणि तेंच अंगाशीं आलें. मग स्वामी मटकन खालीं बैसले आणि, छातीस यंत्र आहे हें विसरोन, आपल्याशींच बोलले, "बापू, थकलों रे. तूंही थकला असशील."

बुरुजावर पेटलेली बत्ती विझविली. मग अडसर सरकला आणि बापूजी रडत बाहेर आले, आणि मागोमाग लोक आले, आणि त्यांत हाडांचा सांपळा जाहलेला लेक आला. गोंदजीनें त्यास कवटाळून ऊर भरून रडून घेतलें, आणि मिठी न सोडितां पुसिलें, "बाळा, वरती आवाज घुमत तर नव्हता?"

लेक म्हणाला, "आबा, आधी भाकर."

एवंच, यंत्रानें मनचें कांहीं घातलें नाहीं, स्वामींचा शीण जैसा होता तैसा नेला, आणि बापूजींनीं तो ओळखिला. गड उघडला तो इतक्यावरच. कानीं आलें तें लिहिलें.