कोपऱ्यावरचा कागद

गेल्याच वर्षी महाराष्ट्र झाला, पण नांदुऱ्यातल्या पंजाबरावांच्या घराच्या भिंती काही सरळ झाल्या नाहीत. कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या पंजाबरावांना त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. पण उंद्रीहून सासूबाई येणार म्हटल्यावर त्यांची झोप उडाली.

कारण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रुखमाबाईंनी त्यांना एकदाही ‘जावईबापू’ म्हटलं नव्हतं. तो मान धाकटे जावई हिंमतराव यांचा. त्यांच्या घराला डिस्टेंपर होतं ना! पंजाबरावांबद्दल बाई लेकीला विचारत, “आशे, तुहा कारकून आला का?” (पंजाबराव समोर बसलेले असत.)

तेव्हा जिनिंगच्या शेठच्या बंगल्यातल्या उरलेल्या वॉलपेपरच्या गुंडाळ्या पंजाबरावांनी मागून आणल्या. जाडजूड कागद, वर उठावाची वेलबुट्टी. एकदा भिंती नटल्या, की सासूबाईंच्या तोंडून तो शब्द निघालाच पाहिजे, असं त्यांनी धरून ठेवलं. आशाबाईंनी मैद्याची खळ शिजवून दिली आणि कोपऱ्यात कागद वळवू नका, कापून बोटभर एकावर एक घ्या, पोलक्याला बाही लावतात तसं, असं बजावलं. आता पुरुषासारख्या पुरुषानं पोलक्याकडून काय शिकायचं?

रुखमाबाई आल्या त्या दिवशी शेवटचा कोपरा उरला होता. आईला चहापाणी करून आशाबाई बाजारात गेल्या होत्या. पंजाबराव स्टुलावर उभे राहून पानाला पान जुळवत होते. खालून सासूबाई काहीतरी बोलल्या. पंजाबराव “हाव हाव” म्हणाले आणि जुळवत राहिले.

तो कोपरा म्हणजे अगदी अवलाद होता. खाली फुगलेला, वर खोल गेलेला, आणि त्याला लागूनच दाण्याच्या खोलीचं दार, तेही तिरपं. कागद कोपऱ्यात दाबला की पुन्हा उसळून अंगावर येई. दोनदा तर तो खळीसकट पंजाबरावांच्या डोक्यावर बसला. शेवटी त्यांनी कोपऱ्याचा नादच सोडला आणि कागद चौकटीवरून, दारावरून सरळ ताणून घेतला. दार आत उघडणारं, बाहेरची कडी केव्हाच तुटलेली, त्यामुळे कागद काचेसारखा सपाट बसला. कोपरा गेला, दारही गेलं. (दाणे काढायचे तेव्हा बघू.)

तेवढ्यात आशाबाई परतल्या. वाटेत हिंमतराव भेटले होते, तेही सोबत आले आणि दारातूनच मोठ्यानं “राम राम” घालून मागे पाय धुवायला गेले. आशाबाई भिंत पाहून हरखल्या. मग म्हणाल्या, “आई कुठी गेली?”

“तुह्यासंगं नव्हती काय?”

“माह्यासंगं? ते तं दाण्याच्या खोलीत पडतो म्हणे, थंड हाय म्हणून. तुमाले सांगून गेली असंल.”

पंजाबरावांनी भिंतीकडे पाहिलं. ते ‘हाव हाव’ आता त्यांना आठवलं. दाण्याची खोली कुठे आहे हे आशाबाई शोधू लागल्या आणि त्यांना ती सापडेना. घरात जिवंत सासू चिणली, हे लोकांना सांगायचं कसं, याची पंजाबराव मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले.

आणि भिंत बोलली.

“जावईबापू, जरा इकडं या हो.”

पंजाबरावांचा कानांवर विश्वास बसेना. खोलीत जावई एकटे तेच होते. दाढीची पत्ती घेऊन चौकटीच्या कडेनं हळूच कापावं, म्हणजे कागद वाचेल, असं ते ठरवतच होते. पण हा शब्द ऐकल्यावर कसली पत्ती आणि कसला कागद? त्यांचे डोळे भरून आले. “आलो, मामी,” म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी वेलबुट्टी ओरबाडली. पानं, फुलं, खळ, खाली मातीचे पोपडे, सगळं अंगावर घेत त्यांनी दार मोकळं केलं आणि हात जोडून उभे राहिले.

दार उघडलं. रुखमाबाई जांभई देत बाहेर आल्या आणि पंजाबरावांना ओलांडून पाय पुसत येणाऱ्या हिंमतरावांकडे गेल्या.

“या जावईबापू. तुमचा आवाज आला अन् जाग आली.”

मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“आशे, इतका चांगला कागद, अन् तुहा कारकून फाडून काऊन राह्यला?”