पन्नासच्या घरात एकशे ऐंशी

नीलमचा नवा गेमिंग मॉनिटर येऊन आठ दिवस झाले, तरी धर्मपाल तायड्यांनी त्याचं खोकं वाचलं नव्हतं. रविवारी दुपारी रद्दी आवरताना ते हाती लागलं आणि त्यावरचा आकडा पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकशे ऐंशी हर्ट्झ!

धर्मपालांनी अकोल्याच्या वीज उपकेंद्रात चौतीस वर्षं ऑपरेटरकी केली होती. दर तासाला काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा. देशभरची वीज पन्नास हर्ट्झवरच चालते; काटा तिथून किंचित हलला तरी यांचा घास घशात अडकायचा. आणि इथे पोटच्या पोरीने अमरावतीच्या राहत्या घरात एकशे ऐंशी आणून बसवले होते! त्यांनी एक फोन केला आणि धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"बाबा!" आतून किंकाळी आली. "लाइन कावून बंद केली? चारले गेमची फायनल हाय माही! वेळेवर नाही दिसली त आमची पुरी टीम बाद होते!"

"अन् गल्ली जळाली मंग? पन्नासच्या लाइनीवर एकशे ऐंशी चालवून राहिली तू!"

नीलमने कपाळावर हात मारला. "ते लाइनीचं नाही, बाबा. पडद्यावरचं चित्र सेकंदात एकशे ऐंशी डाव बदलते, त्याचे हर्ट्झ हायेत ते. समोरचा खेळाडू लवकर दिसते."

"आठ दिवसांत घर जळालं का?" सुंदराबाईंनी नवऱ्याला विचारलं. "मंग करा चालू."

धर्मपालांनी मुकाट्याने स्विच वर केला. दिवा लागलाच नाही. त्यांनी जीभ चावली. "म्या पुंजाजीले फोन केला होता."

चार घरं सोडून राहणारा लाइनमन पुंजाजी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. धर्मपाल बाहेर धावले तोवर त्याने डीपीतून गल्लीचा फ्यूज काढलाही होता. गिरणी थांबली होती आणि दळणाला आलेल्या बाया रस्त्यावर उभ्या होत्या.

"गल्ली वाचली न, साहेब?"

"वाचली! लाव लवकर!"

"पयले तुमची वायरिंग तपासतो. तपासल्याबिगर लाइन सोडाची नाही, तुमीच त शिकवलं."

"आज सोड म्हन्तो न!" चौतीस वर्षांचा नियम धर्मपालांनी भर रस्त्यात मोडला.

चारला सात मिनिटं कमी असताना वीज आली. नीलम खुर्चीत बसली. धर्मपाल अपराध्यासारखे मागे उभे राहिले, पण सवय गप्प बसू देईना.

"नीलम, याचा काटा कुठी हाय?"

"काटा नसते, बाबा."

"मंग एकशे ऐंशी चालून राह्यलं हे कोनं पाह्यलं?"

"खोक्यावर लिवलं हाय न!"

"आकडा वाचल्याबिगर चालवून राहिली तू?"

त्यांचं तोंड बंद करायला नीलमने सेटिंग उघडलं आणि तिचंच तोंड बंद झालं. तिथे साठ होतं. मॉनिटर एकशे ऐंशीचा असला तरी कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं, हे बाईसाहेब विसरल्या होत्या. आठ दिवस त्या साठवरच हरत होत्या. तिने एकशे ऐंशी निवडलं आणि पडदा लोण्यासारखा सरकू लागला.

सुंदराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सामना ऐन रंगात होता. पडद्याच्या कोपऱ्यात नीलमने बाबांसाठी आकडा लावून दिला होता. धर्मपाल चष्मा लावून, मांडीवर वही घेऊन दर पाच मिनिटांनी तो लिहून घेत होते.

"जिंकून राह्यली का हरून?" सुंदराबाईंनी विचारलं.

"ते मले नाही समजत. पन काटा हालला नाही."

"जिंकून राह्यलो, आई!" नीलम मान न वळवता म्हणाली. "बाबाले तिथून उठवू नको."