आपला क्रम येताच कळवू

अपडेटकाकांचं एक ठाम मत होतं. यंत्र म्हणजे पहिलीतलं पोर. त्याच्यावर ओरडायचं नाही, घाई करायची नाही, जे दाखवाल तेच ते गिरवतं. आणि चुकलंच, तर चूक शिकवणाऱ्याची. हे शेवटचं वाक्य काका जरा घाईत उरकत, कारण त्याची गरज आजवर पडली नव्हती.

'अपडेटकाका' हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. काकांना ते पदवीसारखं वाटे. कुठलंही नवं ॲप निघालं की आधी काकांच्या फोनमध्ये मुक्कामाला येई आणि मग संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर पोरांना त्याची ओळख करून दिली जाई. पोरं ऐकत. घरात मात्र या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं.

घरात काकांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. वहिनी शिवणकाम करत. पुढच्या खोलीत दोन मशीनं, कापडांचे गठ्ठे, मोठा आरसा आणि कपडे घालून बघायला आलेल्या बायका. त्यामुळे दादांना स्वतःच्या घरात शिरायचीही सोय नव्हती. बाहेरून आले की ते पायरीवर बसून बायकोला मेसेज टाकत, "आत येऊ का?" उत्तर आलं की उठत. दादा हे इतकी वर्षं करत होते की सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत विचारूनच येत.

पण आता दिवस पालटायची चिन्हं होती. जवळच्या शाळेत मोठं नाटक बसत होतं, आणि सगळ्या पोरांचे कपडे कोणाकडून शिवून घ्यायचे ते मुख्याध्यापिकाबाई या आठवड्यात ठरवणार होत्या. ते काम मिळालं तर वहिनी कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने घेणार होत्या. दादांना दिवाणखाना परत मिळणार होता. वहिनींना मिळणार होतं त्यांच्या नावाची पाटी असलेलं दुकान. त्या पाटीचा रंगसुद्धा त्यांनी मनात ठरवून ठेवला होता.

"पण हा फोन जीव खातो हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हातात कात्री, तोंडात टाचण्या, आणि हा टुणटुण. शाळेचा मेसेज आला आणि मला दिसलाच नाही तर?"

काका याच क्षणाची वाट बघत होते.

"तुम्ही फक्त कात्री चालवा. बोलायचं मी बघतो. नवं ॲप निघालंय. तुमचे जुने मेसेज वाचतं, तुमची बोलायची ढब उचलतं आणि तुमच्या वतीने उत्तरं देतं."

"माझी ढब? गिऱ्हाइकांशी?"

"छे, छे. दोन वर्ग केलेत मी. घरच्यांशी तुमच्या ढबीत, बाहेरच्यांशी मी शिकवलेल्या गोड भाषेत."

"आणि घरचं कोण, बाहेरचं कोण, हे त्याला कसं कळणार?"

काका हसले. अवघड गणिताचं उत्तर आधीच काढून बसलेला मास्तर हसतो, तसे. "सोपं आहे. फोनमध्ये ज्याच्या नावात नातं आहे, तो घरचा. नातं नाही, तो बाहेरचा. पोरालाही कळेल."

पोराला कळलं. चुकलं ते मास्तरांचं.

कारण वहिनींच्या फोनमध्ये एकही गिऱ्हाईक नावानिशी नव्हतं. कोटवाल्या काकू होत्या, निळ्या फ्रॉकवाली मावशी होती, बँकेतल्या आत्या होत्या. आपल्याकडे परक्या माणसाला नात्याचा शब्द लावल्याशिवाय बोलायला तोंड उघडत नाही. आणि दादा? वहिनींनी जन्मात त्यांना नावाने हाक मारली नव्हती. फोनमध्येही ते 'अहो' म्हणूनच होते. 'अहो' हे काही नातं नव्हे, असं यंत्राने ठरवलं.

दोन दिवस फोन कसा मुका होता! वहिनी खूश, काका त्याहून खूश. तिसऱ्या दिवशी दार धडाधड वाजलं आणि कोटवाल्या काकू आत आल्या.

"मी विचारलं, कोट झाला का. त्यावर हे काय उत्तर?" त्यांनी फोन वहिनींच्या नाकाशी धरला. "वाचा."

वहिनींनी वाचलं. "झाला की सांगेन. सारखं डोकं खाऊ नका. आणि पोट सुटलं असेल तर आत्ताच सांगा, मागाहून मी उसवत बसणार नाही."

वहिनींच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून खाली पडल्या. "हे मी नाही लिहिलं, काकू!"

"मग माझं पोट सुटलंय हे कळलं कोणाला?"

काकूंची समजूत घालून, कोटाला मोफत खिसा लावायचं कबूल करून त्यांना पाठवलं. मग दोघांनी फोन उघडला. काका एकेक मेसेज वाचत गेले आणि त्यांचा चेहरा गणिताचा पेपर हातात पडलेल्या पोरासारखा होत गेला. यादीत सर्वांत वर होतं, 'शाळेच्या ताई'.

बाईंनी लिहिलं होतं, "नाटकाच्या कपड्यांबद्दल बोलायचं होतं."

उत्तर गेलं होतं, "आत्ता आठवलं होय? आठवडाभर काय करत होतात?"

"माफ करा, बैठका चालू होत्या."

"बैठका मरू देत. जेवलात का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवा. रिकाम्या पोटी डोकं चालत नाही तुमचं, मला माहितेय. आणि मापं पाठवा. दर वेळी मीच आठवण करायची का?"

यापुढे बाईंकडून एक अक्षर नव्हतं.

वहिनी मशीनपाशी बसल्या. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "हिरवी करणार होते मी पाटी."

"वहिनी, चूक माझी," काका म्हणाले. या वेळी त्यांनी ते वाक्य उरकलं नाही. "मी आत्ता शाळेत जाऊन बाईंना सांगतो."

चपला घालायला ते दारापाशी गेले, तर दारात बाईच उभ्या. काखेत भलंथोरलं पाकीट.

"ताई, ते मेसेज माझे नव्हते हो," वहिनी उठून म्हणाल्या. "भाऊजींच्या यंत्राने पाठवले."

"यंत्राने?" बाईंनी चष्मा सारखा केला. "असं बोलायला त्याला शिकवलं कोणी?"

"माझ्याच जुन्या मेसेजांनी. घरच्यांना लिहिलेल्या."

"मग बोललात तुम्हीच की." बाई खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसल्या. "आणखी दोघांना विचारलं होतं मी. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात, एवढंच दोघांकडून आलं. जेवलात का, हे मला शाळेत लागल्यापासून कोणी विचारलं नाही. तेव्हा जेवले आणि मापं घेऊन आले. ओरडू नका आता."

वहिनींनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. काकांची छाती पुन्हा फुगू लागली.

"बाकी तुमच्याकडे गर्दी फार दिसते," बाई निघताना म्हणाल्या. "पायरीवर एक गृहस्थ केव्हाचे बसलेत. आत या म्हटलं, तर म्हणाले, माझा नंबर यायचाय."

काका बाहेर धावले. दादा गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. त्यांनी फोन पुढे केला.

"आत येऊ का?" याच्या खाली होतं, "नमस्कार. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. आपला क्रम येताच कळवू. आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार."

"काल पण आलं होतं असंच. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आलो आत," दादा हळूच म्हणाले. "मी काही विचारलं नाही. म्हटलं, बोलतेय गोड तर बोलू दे."

त्या संध्याकाळी काकांनी वहिनींना शेजारी बसवून एकेका माणसाला योग्य वर्गात घातलं. 'अहो' घरच्यांत गेले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या फोनवर पायरीवरून मेसेज आला. दादांनी त्यांना आयुष्यात प्रथमच मेसेज केला होता.

"आत येऊ का विचारलं. उत्तर आलं, पाय पुसून या आणि मध्ये मध्ये लुडबुडू नका. ते काल बिघडलेलं होतं ना, ते परत बिघडवता येईल का रे?"